बोलणारी आवृत्ती

मालवणच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून सुनीतीबाई निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली. वाचून दाखवायला शेजारपाजारचे येत. पण दुसऱ्याच्या सवडीने वाचायचं, हे बाईंच्या जिवाला लागे.

२००६च्या दिवाळीनंतर त्यांचा जुना विद्यार्थी निकेत आला. कसालला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बाईंच्या कॉम्प्युटरवर तो लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालणार होता आणि त्यात दोन वाटा होत्या. एक पक्की आवृत्ती: कधी अडायची नाही, पण मुकी. दुसरी अगदी ताजी: पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवणारी, पण कधी कोलमडेल याचा नेम नाही.

"बाई, सगळ्या गिऱ्हाइकांका मी पक्कीच घालतंय," निकेत म्हणाला.

"मुकी घेऊन मी काय करू रे? बोलणारी घाल."

त्या संध्याकाळी बाईंनी एक अख्खा लेख एकटीने ऐकला. आवाज पत्र्यासारखा, तसले उच्चार त्यांनी वर्गात चालवून घेतले नसते. तरी त्यांचे डोळे भरून आले.

जानेवारीत बाईंनी इंटरनेटवरून ताजीतले नवे बदल उतरवले आणि आवाज गेला. निकेत एसटीने धावत आला आणि पक्कीच घालू म्हणून आग्रह करू लागला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि ती आवृत्ती बनवणाऱ्यांना इंग्रजीत पत्र सांगितलं: कोणतं बटण दाबलं, शेवटचा शब्द कोणता ऐकू आला, सगळं क्रमवार. चौथ्या दिवशी परदेशातल्या एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. तोही अंध होता. बाईंनी इतकं नेमकं लिहिलं होतं, की दोष त्याला तासाभरात सापडला. त्याने पाठवलेला इलाज निकेतने केला आणि कॉम्प्युटर पुन्हा बोलू लागला.

एप्रिलात पक्कीची पुढची आवृत्ती निघाली. आता तीही बोलत होती. निकेत सीडी घेऊन हजर झाला.

"आपण कळवलेला दोष हिच्यात आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाय. ताजी तपासूनच पक्की करतत, तो आधीच काढलेलो आसा. आता तरी ही घेवा, तुमका त्रास नको."

 बाई म्हणाल्या, ही सीडी आरोंद्याच्या जानकीला दे. जानकी जन्मांध होती, बी.ए.च्या परीक्षेला बसत होती. तिचा कॉम्प्युटर ऐन वेळी अडून चालणार नव्हतं.

"आणि तुमका?"

"माझी ताजीच राहू दे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. माझ्याआधी कोणीतरी ठेचा खाल्ल्या, म्हणून मी वाचते आहे रे."

निकेत गेल्यावर त्यांनी त्या अनोळखी माणसाला स्वतः टाइप करून आभाराचं पत्र लिहिलं. शेवटी विचारलं, आता पुढे काय तपासून देऊ?