एका खोलीतले एकतीस जण

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी कवळी चारचौघांत गळून पडो. मला थापा मारायची सवय आहे हे सगळं गाव जाणतं, म्हणून तर शपथ घेतेय. एरवी खऱ्याला शपथ कशाला लागते?

तर त्या दिवशी आमच्या जुन्या विहिरीभोवती मुंगीला शिरायला वाव नव्हता. शहरातून मोटारी आल्या होत्या. एकेकाच्या हातात चार-चार रिकाम्या बाटल्या. उलट्या ठेवलेल्या पाण्याच्या टाकीवर एक बाबा उभा होता. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेला एक कागद. भस्म नाही, जटा नाही. लोक त्याला आकडेबाबा म्हणायचे.

"मी चमत्कार मानत नाही," तो माइकवर म्हणाला. "मी कागद मानतो. शहरात गेल्या सहा वर्षांत पन्नाशीच्या आतली किती माणसं कॅन्सरनं गेली? तीनशे बारा. आणि या गावात? या सात वाड्यांत? भोपळा. सरकारी वहीची नक्कल आहे ही. मी सांगत नाही, वही सांगते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्यांच्या आकड्याला टाळ्या पडताना मी प्रथमच पाहिलं.

"का भोपळा? तर हे पाणी. एकदा मरण स्वतः इथे पाणी प्यायला आलं. वाकलं, पाण्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि असं घाबरलं, असं घाबरलं, की एक चप्पल इथेच टाकून पळालं. ते अजून परत आलेलं नाही." मग त्याने काचेची पेटी उंच धरली. आत चप्पल. दहा वर्षांच्या पोराला होईल एवढी.

आता गंमत ऐका. ही गोष्ट माझी. माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा ते गंजाच्या चवीचं पाणी पीत नसे, म्हणून मी ती रचली होती, चप्पल आणि सगळं. ती गावभर फिरली, फिरत फिरत या माणसाच्या तोंडात जाऊन बसली.

मी तिथेच उठले. म्हटलं, "अहो बाबा, ही थाप माझी आहे. चाळीस वर्षांपूर्वी चुलीपुढे बसून मारलेली. आणि मरणाचा पाय एवढुसा असतो होय?"

लोक हसले. बाबाही हसला. म्हणाला, "आजी, सत्य कुणा एकाचं नसतं." आणि पहिली बाटली फुकट, दुसरी श्रद्धेची, असं म्हणत रांग लावली. संपला माझा पराक्रम.

माझी सून शेजारीच होती. छत्तीस वर्षांची, शिलाईकाम करायची. हात असा की कापड तिला घाबरून सरळ चालायचं. महिन्याभरापूर्वी ती स्वतःसाठी गाऊन शिवत होती आणि टेप हातात घेऊन माझ्याकडे आली होती.

"आई, टेप खोटा पडतोय का बघा. डावी बाजू पाऊण इंच जास्त भरतेय."

"उसवलं असेल काहीतरी."

"कापड नाही हो आई. मी."

मी हात लावून बघितला. आत सुपारीएवढं टणक काहीतरी होतं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, माणूस दुखण्याला तरी भितो.

शहर चार तासांवर. दिवसाला एकच बस, आणि ती माझाच मुलगा चालवायचा. पण तिच्याकडे शाळेचे दोनशे गणवेश पडले होते. "हे संपले की जाऊ," ती म्हणाली. तेवढ्यात हा बाबा उगवला. मग तिला कारणच मिळालं.

"आई, कागदावर आपल्याकडे छत्तीसचं कोणी नाही. पस्तिसाचं नाही, चाळिशीचं नाही. मग मीच कशी पहिली असेन?"

रोज सकाळी एक ग्लास, रात्री एक. गणवेश झाले, मग लग्नाच्या कपड्यांची कामं आली. असे सात महिने गेले.

आमच्या दवाखान्यात डॉक्टर एकाआड एक मंगळवारी यायचे, तेही आले तर. त्या वर्षी मात्र एक नवी नर्स बदलून आली. आधी शहरातल्या मोठ्या इस्पितळात सहा वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसलेली. ती कोटाचं माप द्यायला आमच्याकडे आली. सून तिच्या खांद्याला टेप लावायला गेली आणि डावा हात वर जाईना.

नर्सने टेप काढून घेतला. दार लावलं. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"कधीपासून?"

"सात-आठ महिने," मी म्हटलं.

"आणि काय औषध चालू आहे?"

सुनेने कोनाड्यातल्या बाटलीकडे बघितलं. नर्सने ती उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"उद्याची बस पकडा," ती म्हणाली.

मी लगेच डब्यातून चिठ्ठी काढली. शहरात जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती द्यायचे, त्यात माझा मोठेपणा होता. काय व्हायचं, की इस्पितळात बाहेरगावच्या माणसाला फक्त बुधवारी घेतात. शहरातल्याला रोज. मग आमच्या इथला जो तो शहरातला पत्ता सांगायचा, आणि शहरात पक्का पत्ता असलेला आमच्यापैकी एकच, माझा धाकटा भाऊ. कपड्यांना इस्त्री करतो. पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, एक खोली. पलंग लावला तर दार उघडत नाही, एवढी.

नर्सने चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"आजी, ही खोली तुमच्या ओळखीची?"

"माझ्या भावाची. का गं?"

ती खाली बसली. "हा पत्ता मला तोंडपाठ आहे. सहा वर्षं लिहिलाय मी. तरुण पेशंट, रोग पसरलेला, आणि पत्ता हाच. आम्हाला वाटायचं त्या खोलीच्या भिंतीतच काहीतरी विष आहे. एकदा साहेबांनी माणूस पाठवून तिथलं पाणी तपासायला नेलं होतं."

"मग?"

"पाणी चांगलं निघालं. तुमच्या भावाने त्या माणसाचा शर्ट फुकट इस्त्री करून दिला."

मला हसू आलं. मग ते हसू कुठे ठेवावं ते कळेना.

नर्सने जुन्या मैत्रिणीला फोन लावला, चार दिवसांत यादी मागवली, आणि पुढच्या गर्दीच्या दिवशी आमच्याकडच्या मेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाला वहीसकट विहिरीवर घेऊन आली. बाबा रंगात आला होता. "चमत्कार मानू नका, कागद माना," चाललं होतं.

"मीही कागदच आणलाय," नर्स म्हणाली आणि तिने माइक धरला. "तुम्ही मोजण्यातले हुशार, बाबा. जरा मोजा माझ्याबरोबर. पुरुष, वय चौतीस, पत्ता इस्त्रीवाल्याची खोली. बाई, वय एकोणतीस, इस्त्रीवाल्याची खोली. पुरुष, एक्केचाळीस, गवंडीकाम, इस्त्रीवाल्याची खोली."

शहरातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमचे लोक मात्र जमिनीकडे बघायला लागले.

"चौतीसचा तो माझा," मागून पाववाला हळूच म्हणाला.

"एकोणतीसची आमची," पोस्टमन म्हणाला. "शहरात नांदत होती असं सांगत होतो आम्ही. नांदत नव्हती."

एकतीस नावं निघाली. प्रत्येक घराला आपलं एक मरण माहीत होतं. त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, म्हणून प्रत्येकाला वाटायचं, आपल्याच नशिबी आलं. बेरीज कुणी केलीच नव्हती. माझा मुलगा बसच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "मीच नेलं सगळ्यांना. जाताना दोन तिकिटं, येताना एक. मला कसं कळलं नाही?"

"आणि जे इथेच गेले, ते?" नर्सने कारकुनाला विचारलं.

कारकुनाने वही छातीशी धरली. "घरचे सांगतात ते मी लिहितो. कुणी म्हणतं धाप लागली, कुणी म्हणतं अन्न तुटलं. तेच लिहितो. मी काय डॉक्टर आहे?"

"ऐकलंत?" नर्स लोकांना म्हणाली. "हा तुमचा भोपळा. या पाण्याने कुणी वाचलं नाही. अर्धे खोट्या पत्त्यावर मेले, अर्धे खोट्या कारणाने. रोग शहरात होतो तसाच इथे होतो. तिथे गाठ सुपारीएवढी असताना सापडते, तुमच्याकडे मुठीएवढी झाल्यावर. म्हणून तिथली तरुण माणसं हल्ली जगायला लागलीत आणि तुमची नाही. आणि तपासणीची गाडी कुठे पाठवायची ते आकडे बघून ठरतं. तुमच्या गावापुढे शून्य. गाडी तुमच्या फाट्यावरून सरळ पुढे जाते, आणि तुम्ही त्या शून्याला हार घालता."

मला वाटलं, संपलं. आता बाबाला पळता भुई थोडी होणार.

बाबाने चष्मा पुसला. सावकाश माइक परत घेतला. "बाईंनी खरं तेच सांगितलं," तो म्हणाला. "एकतीस जण मेले. पण कुठे मेले? शहरात. विहीर सोडली आणि मेले. ज्यांनी सोडली नाही, त्यांची नावं आहेत का बाईंच्या यादीत?"

आणि माना हलल्या. पाववाल्याची पण हलली. काय करणार बिचारा? पाणी खोटं मानलं तर पोराला आधीच का नेलं नाही, हे उत्तर त्याला द्यावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात मोटारी दुप्पट आल्या.

हातातली शिवणं देऊन होईपर्यंत ती उद्याची बस आठवडाभर लांबली, मग सुनेला घेऊन मी शहरात गेले. खिडकीवरच्या माणसाने पत्ता विचारला. मी चिठ्ठी पुढे केली, तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि गावाचा पत्ता सांगितला.

"मग बुधवारी या," तो म्हणाला. त्या दिवशी गुरुवार होता.

"अगं वेडे," मी म्हटलं.

"असू दे आई. एक तरी आकडा आपल्या नावावर पडू दे."

सहा दिवस आम्ही भावाच्या खोलीत काढले. ती इस्त्रीच्या टेबलाजवळ बसून लोकांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावायची, उजव्या हाताने. बुधवारी डॉक्टरांनी तपासलं. मी विचारलं, या सहा दिवसांनी काही बिघडलं का. ते म्हणाले, नाही आजी, सहा दिवसांनी नाही. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मला मोजता येतं.

साडेचार महिने काढले तिने. बसमधून येताना मुलाच्या मागची सीट रिकामी होती. तिथे मी तिची कात्री ठेवली होती, रुमालात गुंडाळून.

आता शहराच्या वहीत आमच्या गावापुढे एक आकडा आहे. नर्सने गाडीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, एकासाठी गाडी पाठवता येत नाही, निदान पाच लागतात. नर्सची पुढच्या वर्षी बदली झाली. मी आता कुणाला चिठ्ठी देत नाही, खरा पत्ता सांगा म्हणते. लोक म्हणतात, "आजी, बुधवारपर्यंत कोण थांबणार?" त्यांचंही चूक नाही. त्यांचं माणूस आजारी असतं. ते भावाचं घर स्वतःच शोधून काढतात.

तरी सांगायचं ते सांगते. अंगात गाठ लागली, रक्त गेलं, वजन उतरलं, तर विहिरीकडे जाऊ नका, बसकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. कुणी कागद दाखवला तर विचारा, हा कुणी लिहिला, कुणाला विचारून लिहिला, आणि यात कोण राहिलं. पाण्याने तहान भागते, तेवढं पुष्कळ आहे. जास्त काही त्याच्याकडून मागू नका.

आता कवळी काढून वाटीत ठेवलीय, पुढचं बोबडं ऐकू आलं तर समजून घ्या. मघाशी एक गोष्ट मी मनाची घातली.

पहिल्या दिवशी मी उठलेच नव्हते. काही बोलले नव्हते. लोक हसले नाहीत, बाबाने मला उत्तर दिलं नाही, ते उत्तरही मीच रचलं. हजारभर माणसं श्वास रोखून माझी गोष्ट ऐकत होती. चप्पल टाकून पळालं म्हणताच सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरेच्चा" निघालं. माझं इतकं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

सुनेने माझी बाही ओढली. "आई, ही तुमचीच गोष्ट ना? हे म्हणतात, लहानपणी तुम्ही त्यांना सांगायचात."

मी म्हटलं, "छे गं. मीही कुणाकडून तरी ऐकलेली."

मग तिने बाटली पुढे केली.