काकांचा नकार

आमच्या सान रोके गावात सप्टेंबर लागला की नाताळ लागायचा. खिडकीखिडकीत बांबूच्या काड्यांच्या कागदी चांदण्या, पहाटेच्या मिस्सेनंतर तांदळाचा गरम केक, म्हणजे बिबिंगका, आणि पोरांच्या हातात बाटल्यांच्या बुचांचे खुळखुळे. पण मी दहा वर्षांची असताना मला यातलं काहीच गोड लागेना. कार्पियोकाकांच्या डुकराने आमची रताळी उकरली होती आणि त्यावरून बाबा आणि काका दोन वर्षं बोलत नव्हते. सख्खे भाऊ, घराला घर लागून. मागच्या नाताळात मी आणि चुलतबहीण नेनिंग कुंपणाच्या दोन बाजूंना बसून जेवलो होतो. यंदाही तेच होणार म्हणून मी सगळ्यांवर चिडले होते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गावात येशूच्या आईबापांची, योसेफ-मारियेची फेरी निघायची. दोघांनी दारोदार गाऊन आसरा मागायचा, घरवाल्यांनी गाऊनच हाकलायचं आणि शेवटी चर्चमधल्या गोठ्यात मुक्काम. हे सगळं लुडिंगआत्या बसवायची. मारियाही तीच व्हायची, चाळिशी उलटली तरी. शेवटचा नकार कायम कार्पियोकाकांचा. "नाही म्हणायला त्याला शिकवावं लागत नाही," असं आत्या म्हणायची.

त्या दिवशी योसेफ होणारा न्हावी तापाने फणफणला. आत्या तडक आमच्याकडे बाबांना गाठायला आली.

"सेल्मो, झगा चढव."

"मी? आणि त्याच्या दारात भीक मागू?"

"तू कशाला मागतोस? योसेफ मागेल. ऊठ, उशीर होतोय."

थोरल्या बहिणीपुढे बाबांचं काय चालणार. मी चांदणी धरून पुढे झाले. पहिल्या दोन-चार दारांत बाबा खड्या आवाजात गायले. काकांच्या दाराशी मात्र "बायको दमली आहे हो, एक कोपरा तरी द्या," एवढं कसंबसं निघालं. मागे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन उभं होतं.

काका खिडकीत आले. त्यांनी गायचं होतं, 'जागा नाही, पुढे व्हा.' त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि खिडकीतून दिसेनासे झाले. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात दार उघडलं.

"दवात कशाला उभे राहता? आत या. जेवण तयार आहे."

लोक खो खो हसायला लागले. आत्याने पोटावरची उशी सावरली. "अरे दादा, तू नाही म्हणायचंस. तिकडे फादर वाट बघतायत. येशू जन्मायचाय."

"जन्मू दे की इथे."

"एकदाच म्हण बाबा. म्हणजे आम्ही पुढे जातो."

काका तिच्याकडे बघतच नव्हते. ते बाबांकडे बघत होते.

"दोन वर्षं तेच म्हणतोय, लुडिंग. आता नाही जमत."

बाबांनी झगा वर धरला, दारात चपला काढल्या आणि आत गेले. माझा आनंद पोटात मावेना. चांदणी अंगणातच टाकून, नेनिंगला हाका मारत मी त्यांच्यामागे पळाले.