खरा कागद

वडिलांच्या पलंगाच्या कडेला बसून रोझाने नावाची ती परदेशी बाई बोटांवर दवाखाने मोजत होती, तेव्हा होइतुंगला पहिल्यांदा तिचा हेवा वाटला.

"एक, इथेच राहायचं. दोन, नदीपलीकडचा खासगी दवाखाना, तिथले डॉक्टर थेट आपल्याशी बोलतात. तीन, हाँगकाँग. चार, सरळ घरी. तुझा विमा चारही ठिकाणी चालतो, मी विचारून घेतलंय. बाबा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," आदेमार म्हणाला. "पाच, मला एक बिअर आणून दे."

ग्वांगचौच्या त्या मोठ्या सरकारी इस्पितळाचा नववा मजला परदेशी लोकांसाठी राखलेला होता. तिथे पडदे होते, खोलीत पाहुण्यांसाठी वेगळी खुर्ची होती, आणि डॉक्टर आले की ते त्या खुर्चीवर बसत. आउ होइतुंग या मजल्यावर दुभाषी होती. तिनं मकावला राहून पोर्तुगीज शिकून घेतली होती, आणि ब्राझीलचा किंवा अंगोलाचा कुणी पेशंट आला की तिला बोलावणं यायचं. खोलीच्या खिडकीतून समोरची जुनी इमारत दिसे. त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, गेल्या हिवाळ्यात, होइतुंगची आई एक्केचाळीस दिवस होती. त्यातले पहिले नऊ दिवस कॉरिडॉरमध्ये, भिंतीला लावलेल्या जादा खाटेवर. तिथे डॉक्टर बसत नसत. चालता चालता बोलत.

आदेमार सहासष्ट वर्षांचा होता. बावीस वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या त्याच्या गावातले बुटांचे कारागीर कारखान्यांच्या मागोमाग इकडे आले, त्यांच्यातला हा एक. बायको आणि तेरा वर्षांची मुलगी, रोझाने, यांना मागे ठेवून आला आणि इथलाच झाला. चिनी बोलायचा, पण फक्त चामडं, डिंक, टाच आणि शिलाईपुरतं. "माझं चिनी घोट्याच्या वर चढत नाही," असं तो नर्सना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पोटाचे रिपोर्ट आल्यावर त्याला होइतुंगची गरज पडली.

मंगळवारी डॉक्टर पून आले. होइतुंगच्या आईला बघणारे तेच डॉक्टर. आठवड्यातले दोन दिवस ते वरच्या मजल्यावर यायचे, एरवी जुन्या इमारतीत असायचे. होइतुंगला त्यांनी ओळखलं की नाही, तिला कळलं नाही. दारात थांबून त्यांनी रोझानेला बाहेर यायची खूण केली, आणि होइतुंगला पुढचं सगळं आधीच कळलं.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टर हळू आवाजात बोलले आणि होइतुंगनं ते तितक्याच हळू पोर्तुगीजमध्ये सांगितलं. पोटाचा कॅन्सर आहे. यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशनची वेळ निघून गेली. आत्ता तब्येत प्रवास करण्यासारखी आहे, महिन्याभरानं नसेल. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वडिलांना सांगायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवावं."

रोझाने भिंतीकडे तोंड करून रडली. मग नाक पुसून वळली. "हे मला का सांगताहेत? बाबाला का नाही?"

"आमच्याकडे आधी घरच्यांना सांगतात. पेशंटचा धीर सुटू नये म्हणून."

"पण दुखणं त्याचं आहे. मी कोण ठरवणारी?"

रस्त्यात सापडलेली छत्री ज्याची त्याला परत करावी, इतक्या सहज ती हे बोलली. होइतुंगला ते वाक्य चांगलंच लागलं. हेच डॉक्टर, हीच वाक्यं, फक्त समोरच्या इमारतीत. तेव्हा तिच्या भावानं, होइफुंगनं, जिन्यात उभं राहून अर्ध्या मिनिटात ठरवलं होतं. "अल्सर म्हणायचं. आईला खरं कळलं तर ती आठवड्यात हाय खाईल." आणि मग बहिणीकडे वळून, "तुझं कागदपत्रांचं काम आहे ना? तू बघ."

होइतुंगनं बघितलं. रिपोर्टचा फोटो काढून संगणकावर घेतला, एक ओळ बदलली, शिक्का तसाच ठेवला. औषधांच्या बाटल्यांवरची नावं ब्लेडनं खरवडून काढली. आईनं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि ती म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? रात्रीचं गार खाणं बाधलं." मग गावाकडून आलेल्या संत्र्यांची सालं दोऱ्यात ओवून गच्चीत टांगायला लावली. "तीन वर्षं मुरू देत. मधे हात लावायचा नाही. सूप कधी करायचं ते मी सांगेन."

"चला आत," रोझाने म्हणाली. "डॉक्टरांना म्हणावं, बाबालाच सांगा. सरळ."

डॉक्टर पून खुर्चीवर बसले. मुलीची इच्छा म्हणून त्यांनी काही न लपवता चार वाक्यं सांगितली आणि होइतुंगकडे पाहिलं. आदेमारनंही पाहिलं. रोझानेनं वडिलांचा हात धरलेला होता. आता ही दोघं एकमेकांना सगळं सांगतील. रडतील, निरोप घेतील, राहिलेलं बोलून घेतील. होइतुंगनं तोंड उघडलं.

"पोटात मोठा अल्सर आहे," ती म्हणाली. "उपचार बरेच दिवस चालतील. घाईचं काही नाही."

आपल्याला या म्हाताऱ्याची दया आली, असं तिनं स्वतःला सांगितलंही. पण ते क्षणभरच टिकलं. ती दया नव्हती. जे आपल्याला मिळालं नाही ते हिला का मिळावं, एवढंच होतं ते.

डॉक्टरांना पोर्तुगीज येत नव्हती, ते मान हलवत राहिले. रोझानेचा चेहरा लाल झाला.

"हे काय? बाहेर तुम्ही मला..."

"थांब," आदेमार म्हणाला. तो मुलीकडे बघत नव्हता. त्याची नजर डॉक्टरांवर होती, बोलणं होइतुंगशी. "पोरी, या माणसाचा चेहरा तुझ्या अल्सरवर बसत नाही. चामडं विकणारा फार गोड बोलायला लागला ना, की मी कातडं उलटं करून बघतो. उलटं कर."

आजाऱ्याच्या खोलीत, आजाऱ्याच्या तोंडावर, तो शब्द होइतुंगनं आयुष्यात कधी उच्चारला नव्हता.

"कॅन्सर आहे," ती म्हणाली. "यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशन होणार नाही. आत्ता तुम्ही प्रवास करू शकता, महिन्यानंतर नाही."

आदेमारनं पांघरुणाखालच्या स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. मग डॉक्टरांना त्यानं त्याच्या कारखान्यातल्या चिनीत विचारलं, "नुसता सोल गेलाय, की वरचं पण?"

डॉक्टर पून गडबडले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वरचं पण."

"शिवून चालेल?"

"थोडे दिवस."

"हं." आदेमार मुलीकडे वळला. "चौथं म्हणालीस ते. घरी जाऊ."

संध्याकाळी गरम पाण्याच्या यंत्रापाशी रोझानेनं होइतुंगला गाठलं. हातात रिकामा थर्मास होता, तो भरायचा सोडून ती बोलू लागली.

"मी तक्रार करणार होते. बाबा म्हणाला, नको. पण मला तुमचा राग आलाय."

"यायलाच हवा."

"त्यानं ओळखलं नसतं तर? तो इथे अल्सरची औषधं खात पडून राहिला असता आणि महिना निघून गेला असता. का केलंत असं?"

होइतुंगकडे सांगण्यासारखी बरीच उत्तरं होती. रीत, सवय, थकवा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमचा हेवा वाटला," ती म्हणाली. "माझी आई समोरच्या इमारतीत होती. तिला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"तिनं विचारलं नाही कधी?"

"एकदा विचारलं. म्हणाली, तू दुसऱ्यांचं बोलणं इकडचं तिकडे करतेस. कागदावर लिहिलंय तसंच आहे ना?"

"मग?"

"मी हो म्हटलं."

यंत्रातून वाफ येत राहिली. रोझानेनं थर्मास भरला, झाकण घट्ट लावलं आणि "उद्या नऊला या, विमान कंपनीला डॉक्टरांचं पत्र हवंय," एवढंच म्हणून ती गेली.

पुढचे सहा दिवस होइतुंग रोज त्या खोलीत होती. पत्रं, सह्या, चाकाची खुर्ची, विमानात द्यायची औषधं. काम नसेल तेव्हा ती दाराजवळ बसून राही, आणि बापलेकीचं बोलणं तिच्या कानांवर पडत राही. हत्यारं कुणाला द्यायची. कुठे पुरायचं. इथल्या मित्रांपैकी कुणाला बोलवायचं आणि कुणाला मुळीच नाही. एका दुपारी तर दोघांचं कडाक्याचं वाजलं.

"तू माझ्या लग्नाला आला नाहीस!"

"बूट पाठवले होते की. माझ्या हातचे."

"एक नंबर लहान होते!"

"आँ?" आदेमार उठून बसला. "आणि तू काय केलंस?"

"घातले! दिवसभर! पाय सोलून निघाले, रात्री नवऱ्यानं आणि मी मिळून ओढून काढले!"

आदेमार हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, मग तो रडायला लागला, आणि तेरा वर्षांच्या मुलीला सोडून आपण का निघून गेलो ते सांगू लागला. होइतुंग उठून बाहेर गेली. खिडकीपाशी उभी राहून तिनं समोरचा चौथा मजला शोधला. तिला या भांडणाचाही हेवा वाटत होता. एक्केचाळीस दिवस ती आईशी फक्त जेवणाबद्दल बोलली होती. काय खाशील, किती खाल्लंस, उद्या काय आणू. आईशी तिचीही भांडणं होती, चांगली जुनी, जपून ठेवलेली. अल्सरच्या पेशंटशी ती कशी काढायची?

जाताना आदेमारनं चाकाच्या खुर्चीतून तिच्या पायांकडे पाहिलं. "डावा बूट बाहेरून झिजलाय. तू एका अंगावर भार देऊन चालतेस," तो म्हणाला. निरोप म्हणून तेवढंच.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग, पितरांची थडगी साफ करायचा सण, आला. भावाबहिणींनी पहाटे गाडी काढली आणि ती दोघं गावी, सनवुईच्या टेकडीवर, आईच्या नव्या थडग्यापाशी पोहोचली. होइफुंगनं गवत उपटलं. होइतुंगनं भाजलेलं डुक्कर, फळं आणि दारूचे तीन पेले मांडले. उदबत्त्या लावल्या. मग जाळायच्या वस्तू निघाल्या, कागदाच्या नोटा, कागदाचा कोट, कागदाचा मोबाइलसुद्धा. इथे जाळलं की तिकडे पोहोचतं.

सकाळीच रोझानेनं फोटो पाठवला होता. आदेमार अंगणात बसलेला, खूप वाळलेला, अनवाणी पाय उन्हात. होइतुंगनं तो पुन्हा पुन्हा पाहिला होता आणि उत्तर लिहिलं नव्हतं.

तिनं पिशवीतून घडी केलेला एक कागद काढला.

"हे काय?" होइफुंगनं विचारलं.

"आईचा रिपोर्ट."

"आईनं वाचलाय तो."

"तिनं वाचला तो मी केलेला होता, दादा. हा खरा."

होइफुंगच्या हातातलं लायटर तिथेच थांबलं. "वेडी आहेस का? आता तरी तिला सुखानं झोपू दे. नोटा पाठव, कपडे पाठव. हे कशाला?"

"दुखणं तिचं होतं."

"तू तेव्हा का नाही बोललीस मग? तेव्हा मुकाट्यानं ब्लेड घेऊन बसलीस."

"हो. बसले."

होइफुंग आणखी काही तरी बोलणार होता. मग त्यानं टेकडीखालच्या संत्र्यांच्या बागांकडे तोंड फिरवलं आणि डोळ्यांवरून बाही फिरवली. "वारा आहे," तो म्हणाला. "तो कोपरा धर."

दोघांनी दोन टोकं धरली. त्यानं मधे लायटर लावलं. शिक्का आधी काळा पडला, मग ओळी. बोटांना चटका बसला तेव्हा त्यांनी कागद सोडून दिला.

रोझानेला उत्तरं मिळाली होती, भांडण मिळालं होतं, अंगणातलं ऊन मिळालं होतं. इथे फक्त राख होती, आणि ती पेल्यांवरून उडत बाजूच्या थडग्याकडे चालली होती. होइतुंग गुडघ्यांवर बसली.

"नाही, आई," ती मोठ्यानं म्हणाली. "कागदावर होतं तसं नव्हतं."

होइफुंगनं मागून विचारलं, "काय म्हणालीस?"

"तुला नाही. तिनं मला विचारलं होतं."