कडूबा सरांचा आक्षेप

पांढरं निशाण वर गेलं आणि कडूबा शेजूळ सरांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. एकच. दुसरीसाठी उचललेले हात तसेच हवेत राहिले.

गाद्यांवर उजमा दोन्ही हात वर करून नाचत होती. दोन मीटर तीस, आणि तेही तिसऱ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात! दोरीपलीकडे तिचे अब्बा मोहियोद्दीन शेजारच्या अनोळखी माणसाला कवटाळत होते. शहागंजात त्यांचं गाद्यांचं दुकान. शाळेच्या मैदानावरच्या गाद्या तेच भरून देत. त्या पोचवायला आलेली पोर एक दिवस गंमत म्हणून पोल उचलते काय आणि चार वर्षांत विभागीय स्पर्धा गाजवते काय! इथून पहिली येणारी एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती. एकतीस वर्षं बांबूउडी शिकवणाऱ्या कडूबा सरांची राज्याला जाणारी ही पहिलीच खेळाडू. येत्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते, म्हणजे शेवटचीही तीच.

फक्त एक भानगड झाली होती. पलीकडे जाताना उजमाचं पोट आडव्या बारला घासलं, बार थरथरला, आणि खाली येता येता तिनं डाव्या हातानं त्याला अलगद धरून जागेवर बसवलं. झोपेत कूस बदललेल्या पोराला थोपटावं तसं. नियमानं ही उडी बाद होती. उडी मारताना बार हातानं सावरायचा नसतो.

पंचांना हे कळायचं कारण नव्हतं. घुगे सर जन्माचे खो-खोवाले. बांबूउडीचा पंच मिळेना म्हणून सकाळी त्यांच्या हातात निशाणं कोंबली होती. बार वर राहिला तर पांढरं, पडला तर लाल, एवढं त्यांनी इमानेइतबारे पाठ केलं होतं.

कडूबा सरांना मात्र कळलं, कारण ही कला त्यांनीच शिकवली होती. अठरा वर्षांपूर्वी पोरांनी लागोपाठ दोन बार अंगाखाली घेऊन मोडले. तिसरा देताना संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "शेजूळ, हाही मोडला तर तुम्ही लेझीम शिकवा." त्या दिवसापासून सरांनी पोरांना एकच मंत्र दिला, "हाडं जुळून येत्यात, बार येत नाय. पडायला लागला की धरा!" पोरं हवेतल्या हवेत बार धरायला शिकली. सरांना त्याचा केवढा अभिमान! नियम त्यांना ठाऊक होता, नाही असं नाही. स्पर्धेच्या आधी सांगू, असं ते दर वर्षी ठरवत. पण त्यांची पोरं बार घासण्याइतकी उंच जायचीच नाहीत, बारच्या खालूनच परत येत. त्यामुळे सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

बाकी सांगण्यात सरांनी कधी कुचराई केली नव्हती. रोज सरावाआधी दहा मिनिटं खिलाडूवृत्तीवर भाषण. हरलात तरी टाळ्या वाजवा, समोरच्याला पाणी द्या, पंचाशी हुज्जत घालू नका. पोरांना ते तोंडपाठ होतं, आणि हरायचा सराव दांडगा असल्यामुळे टाळ्याही सुरेख जमायच्या. शेजूळ सरांच्या पोरांसारख्या टाळ्या अख्ख्या मराठवाड्यात कुणी वाजवत नाही, असं क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत एकदा कुणीतरी म्हणालं होतं. ते कौतुक होतं की टोमणा, याचा सरांनी फार शोध घेतला नाही.

आता ते चोरट्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. कुणी पाहिलं का? घुगे सर कपाळाचा घाम पुसत होते. प्रेक्षक वडापावात गुंतले होते. मग त्यांची नजर कन्नडच्या शाळेच्या निशा मॅडमवर गेली आणि तिथंच अडकली.

निशा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पुढं ती प्रशिक्षणाचा कोर्स करून आली आणि पेढे द्यायला आली तेव्हा भीत भीत म्हणाली होती, "सर, ते बार धरायचं चालत नाही बरं का." आज तिची राजनंदिनी उजमासमोर होती. दोघींनी दोन वीस पार केलं होतं, पण राजनंदिनीनं पहिल्याच प्रयत्नात, उजमानं दुसऱ्या; बरोबरी झाली तर कमी प्रयत्नांवाली पुढं. दोन तीस तिला जमलं नव्हतं. उजमाचं दोन तीस बाद झालं असतं तर राजनंदिनी पहिली.

निशानं सगळं पाहिलं होतं. ती खाली बसून राजनंदिनीच्या बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती. ती सोडून पुन्हा बांधत होती. गुरूविरुद्ध तोंड कसं उघडायचं म्हणून ती गप्प होती, आणि तिची पोर रडत होती.

कडूबा सरांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या भाषणांचा राग आला. 'गप बस, कडूबा,' ते मनात म्हणाले. 'एकतीस वर्षं टाळ्या वाजवल्या. एकदा घे की वाजवून.' हे म्हणता म्हणता त्यांचे पाय मात्र घुगे सरांकडे निघाले होते.

"सर, ती उडी बाद धरा. पोरीनं हात लावला बारला."

"आक्षेप का? कन्नडवाले का तुम्ही?"

"नाय. मी तिचाच कोच."

घुगे सरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ऊन लागलं का? पाणी घेता?"

"नियम हाय सर. पुस्तक आणतो."

"अवो, पांढरं दावलंय मी! दावलेलं माघारी घेतलं तर उद्या खो-खोत पोरं मला मोजतील का?" मग जरा मवाळ होऊन ते म्हणाले, "लेखी द्या."

टेबलावर छापील अर्ज होता. 'आक्षेप घेणारी शाळा' या रकान्यात सरांनी आपल्या शाळेचं नाव लिहिलं. 'ज्या शाळेविरुद्ध आक्षेप आहे' या रकान्यातही तेच लिहिलं. टेबलावरच्या कारकुनानं अर्ज परत सरकवला. "दोन्हीकडं एकच शाळा? असं नाय चालत. सायेब मला फाडून खातील."

"मग दुसऱ्या रकान्यात माझं नाव लिवा. कडूबा शेजूळ. चूक माझीच हाय."

तोवर गर्दी जमली. मोहियोद्दीन दोरीखालून वाकून आत आले. "क्या सर, तुम हमारेच हो ना?"

"तुमचाच हाय, मोहियोद्दीनभाई."

"फिर ये क्या लगाए?"

तेवढ्यात पुस्तक आलं, नियम सापडला. घुगे सरांनी तो तीनदा वाचला आणि लाल निशाण शोधू लागले. त्यावर एक स्वयंसेवक बसला होता. त्याला उठवून निशाण वर करेपर्यंत उजमाला काय चाललंय ते समजलंही नव्हतं. समजलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पण सर, तुम्हीच तर..."

"व्हय. मीच."

बक्षीस समारंभात राजनंदिनीच्या गळ्यात पदक पडलं. उजमानं टाळ्या वाजवल्या, शिकवल्या होत्या तशा, सुरेख. निशा मॅडम सरांच्या पाया पडायला आल्या. सर म्हणाले, "आधी पोरीचं राज्याचं बघ." त्यांना वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं, आणि ते लपवायलाही जमत नव्हतं.

मैदान रिकामं होऊ लागलं. मोहियोद्दीन टेम्पो बघायला बाहेर गेले. उजमा गादीच्या कडेला सरांकडे पाठ करून बसली होती.

"सर, तुम्ही चूप बसले असते तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाय."

"निशा मॅडमनं पाहिलं ना?"

"ती बोलली नसती."

तिनं गादीची उसवलेली शिवण बोटानं आत दाबली. मग म्हणाली, "चार वर्षं रोज भाषण दिलं. हे का नाही सांगितलं एकदा तरी?"

दहा-दहा मिनिटांची भाषणं पाठ असलेल्या सरांना एकच वाक्य सापडलं. "बार एकच होता, बाई."

उजमा उठली आणि पोलाचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. एवढा लांब पोल गर्दीतून एकट्यानं नेता येत नाही. सरांनी मागचं टोक उचललं. दोघांमध्ये साडेतीन मीटर अंतर. ती पुढं, मागं न बघता. ते तिच्या पाठीकडे बघत. चहाच्या गाड्याजवळून, खुर्च्या गोळा करणाऱ्यांमधून दोघं चालत राहिले. फाटकाबाहेर रिक्षांची झुंबड होती. उजमा थांबली.

"सर, डावीकडं वळते मी," ती समोर बघतच म्हणाली. "मागं सांभाळा."

"व्हय, व्हय," कडूबा सर म्हणाले, आणि ती वळली तसे तेही वळले.