अंकल झेडचा सख्खा भाऊ

माझा धाकटा भाऊ तल्हा कॅनडातला टीव्ही-नट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही.

मी झहूर. मूळचा दापोलीकडचा. चोवीस वर्षं कुवेतमधल्या सालमियात एका शाळेची बस चालवतोय. मी तोतरा आहे. सगळ्या अक्षरांना नाही, फक्त शब्दाच्या सुरुवातीला 'प' आला की माझी गाडी बंद पडते. गावात पोरं मला 'प-प-पाव' म्हणायची. एकदा तल्हा त्यातल्या एकाच्या हाताला कडकडून चावला होता. सहा वर्षांचा होता तेव्हा. आज तोच तल्हा माझ्या जिभेवर पोट भरतो.

बाबा गेल्यावर मी त्याला इथे आणलं, शिकवलं, इंजिनियर व्हायला टोरांटोला धाडलं. दुसऱ्याच वर्षी साहेबांनी कॉलेज सोडलं. 'भाय, हॉस्पिटलच्या सिरियलमध्ये काम मिळालं,' असा फोन आला. मी आणि कुबरा, माझी बायको, नटूनथटून टीव्हीपुढे बसलो. पांढऱ्या चादरीखालून एक अंगठा दिसला. तो अंगठा म्हणजे तल्हा. पुढे तो दोनदा टॅक्सीवाला झाला आणि तीनदा अतिरेकी. एकदा तर तोंड उघडायच्या आतच त्याला गोळी घातली. आम्ही मात्र इथे बसून त्याच्यासाठी दुवा मागत होतो. दुवा कबूल झाली, आणि ती माझ्याच मुळावर आली.

चार वर्षांपूर्वी 'अंकल झेड' सुरू झालं. कॅनडातल्या कुठल्याशा गावात शाळेची बस चालवणारा मिशीवाला माणूस. दोन बोटांनी आरसा नीट करणार आणि म्हणणार, 'नो प-प-प्रॉब्लेम.' की मागून हशा. आरसा मी तसाच नीट करतो. 'नो प्रॉब्लेम' मीच पोरांना दिवसातून वीसदा म्हणायचो. पहिल्या भागाला मी हसलो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या भागाला कुबराने टीव्ही बंद केला.

मग माझ्या बसमधली पोरं सुरू झाली. 'अंकल, से इट! से इट ना!' मी बोलणंच सोडलं. हॉर्न वाजवतो, दार उघडतो, दार बंद करतो. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करणार?

यंदा तिकडच्या तोतऱ्या लोकांनीच ओरड केली की ही आमची चेष्टा आहे. त्यावर तल्हाने मुलाखतीत सांगितलं, 'अंकल झेड पूर्ण काल्पनिक आहे. खऱ्या माणसाशी त्याचा काही संबंध नाही.' चोर तो चोर, वर शिरजोर.

तरी मी गप्प बसलो असतो. पण माझ्या मुलीचा, जवेरियाचा निकाह ठरला. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात मुलीच्या बापाने, वलीने, भर मजलिशीत स्वतः बोलायचं असतं की माझी मुलगी मी अमक्याच्या निकाहात दिली. आणि अमका कोण मिळावा? परवेझ! इथल्याच फिंतासच्या मुबीनभायचा मुलगा. पोरं शाळेत उतरली की मी रिकाम्या बसमध्ये एकटाच 'परवेझ, परवेझ' घोकायचो. पंधरा दिवसांत बरं जमायला लागलं होतं. अडकण्याची मला भीती नव्हती. लोक हसतील याची होती.

नेमका तेव्हाच तल्हा कुवेतला आला. आपल्या कोकणी मंडळींनी शुक्रवारी दुपारी सालमियात त्याचा सत्कार ठेवला होता. सकाळी घरी चहा घेताना मी त्याला म्हटलं, "तल्हा, एकच काम कर. स्टेजवर सांग, ही बोली माज्या भायची हाय, तिला हसू नका. बास."

"भाय, तिकडे केस होल माज्यावर. काल्पनिक म्हणून लिहून दिलंय मी."

"इकडे माज्या प-प-पोरीचा निकाह हाय."

"बघतो," तो म्हणाला, आणि खारी चहात बुडवली.

हॉलमध्ये पाचशे माणूस. सूत्रसंचालक तौफीकने आधी अंकल झेडच्या नकलांची स्पर्धा घेतली. पोरं एकामागून एक तोतरी बोलत होती आणि आया टाळ्या पिटत होत्या. मग तल्हा बोलला. कुवेतचे आभार, कोकणचे आभार, भाभीच्या हातच्या मच्छीचे आभार. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. तो खाली बसतोय तोच मी स्टेजवर चढलो आणि तौफीकच्या हातातला माइक घेतला.

"अंकल झेड काल्पनिक नाय," मी म्हणालो. "तो मी हाय. माज्या प-प-प..."

पोरीचा निकाह आहे, असं मला म्हणायचं होतं. हॉल फुटला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. मी तल्हाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं त्याने, 'खरंय.' तो उठला, हसत आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माइक काढून घेतला.

"माझे मोठे भाय! महिनाभर पाठांतर करत असतील. माज्यापेक्षा भारी नक्कल केलानी की नाय?"

वन्स मोअरचा गजर झाला. तौफीकने नकलेचं पहिलं बक्षीस मला दिलं. प्रेशर कुकर. नावसुद्धा मला धड घेता येणार नाही अशी वस्तू.

पार्किंगमध्ये मुबीनभाय डोळे पुसत आले. "झहूरभाय, पोट दुखलं हसून! निकाहात पन असंच बोला हां, परवेझचे दोस्त व्हिडिओ काढतील." तल्हा शेजारीच उभा होता, फोनमध्ये बघत. मी कुकर त्याच्या हातात कोंबला आणि सांगितलं, "निकाहाला तू येऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी कागदावर लिहिलं की वली म्हणून माझ्या वतीने काझींनीच बोलावं, आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. तसा निकाह होतो. काझींनी कागद दोनदा वाचला. "मुलीच्या बापाने स्वतः बोललेलं बरं असतं," ते म्हणाले. मी कागद आणखी पुढे सरकवला.

जवेरिया बाहेर बसमध्ये बसली होती. मी गाडी सुरू केली तशी तिने विचारलं, "काझींना का सांगितलंत, अब्बा? तुम्हाला परवेझ आवडला नाय?"

पसंत आहे, एवढंच म्हणायचं होतं. 'प' ओठांशी आला आणि मी तोंड मिटून घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे वळून रडायला लागली.