कढईबरोबर येईल

मी एक पितळी कढई, आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. भांड्यांनी रागावू नये म्हणतात. बुडाखाली विस्तव सोसायचा आणि पोटात गोड शिजवायचं, हा आमचा धर्म. तो मी पाळला. पण एका आईने दिलेला शब्द पिढ्यान् पिढ्या पोटात धरून बसलेलं भांडं थोडं तापलं तर देवही रागावणार नाही.

कढई म्हटलं म्हणून मला उथळ समजू नका. मी चांगली खोल आहे. वर लोखंडी कडी आहे, तिने मला चुलीवरच्या आकड्याला टांगत. माझा जन्म इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा. पाण्यावर चालणाऱ्या हातोड्याखाली ठोके खात मी आकाराला आले आणि जहाजातून अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हा तिथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. तिथल्या एका आईने मला विकत घेतलं आणि आपल्या लेकीच्या लग्नात तिच्या हाती दिलं. लेकीचं नाव डॉर्कस.

देवळातून बाहेर पडेपर्यंत मी डॉर्कसची होते. उंबरा ओलांडला आणि इझरा लॉथ्रिजची झाले. कायदाच तसा होता. बायकोचं जे काही असेल ते नवऱ्याचं. व्हिनेगर आणि मीठ लावून मला घासायची ती, मक्याची पेज ढवळून दंड दुखायचे तिचे, आणि मालक तो! त्या माणसाने मला कधी चुलीवरून उतरवलंसुद्धा नाही.

डॉर्कस मात्र मला देवाच्या कामातलं भांडं समजायची. ढवळताना स्तोत्रं म्हणायची. शनिवारी सूर्य मावळला की प्रभूचा दिवस लागे, मग स्वयंपाक नाही. म्हणून शनिवारी दुपारीच सगळं शिजवून, मला लख्ख करून ती भिंतीला टेकवून ठेवी आणि म्हणे, "चल, आता तूही विसावा घे." मुक्या भांड्याला असं कोण म्हणतं?

तिला पहिला मुलगा झाला, जेबेझ. मग मुलगी झाली, बेथाया. ती तीन वर्षांची असताना घशाच्या साथीत गेली. टेकडीवर तिला पुरलं, लहानसा दगड बसवला. पुढे डॉर्कसला आणखी एक मुलगी झाली आणि तिचंही नाव बेथायाच ठेवलं. त्या गावाची ती रीतच होती. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं. घराघरातून अशी नावं मागून पुढे चालत येत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही नव्हतं वाटलं. त्या रीतीचा पुढे काय उपयोग केला जाईल, हे कुणाला ठाऊक होतं?

ही दुसरी बेथाया म्हणजे वारा. एकदा मला दोन्ही हातांनी उचलून विहिरीवर निघाली आणि दारातल्या दगडी पायरीवर आपटली. माझ्या कुशीत हा पोचा पडला, तो तिचाच.

"धांदरट! आजीची कढई ती!" डॉर्कस ओरडली.

"आजी काही म्हणणार नाही. ती स्वर्गात आहे, तिथे नव्या कढया असतील," बेथाया म्हणाली.

डॉर्कसला हसू आवरेना. त्या पोच्यावर मग घासताना तिचं बोट नेहमी थोडं जास्त रेंगाळायचं.

बेथाया मोठी झाली आणि ओबेड स्टार्की नावाच्या विणकराबरोबर लग्न करून ऱ्होड आयलंडला गेली. ओबेड क्वेकर पंथाचा. ते लोक प्रार्थनेला नुसते शांत बसतात. त्यांना ना पाद्री, ना प्रवचन. इझरा आमच्या देवळातला पुढच्या बाकावरचा मानकरी. त्याच्या लेकीने असं करावं?

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला. डॉर्कस हळूच म्हणाली, "अहो, बेथायाला तिचे लोकरीचे कपडे तरी पाठवू या. थंडी येतेय."

"कोण बेथाया?" इझराने पावाचा तुकडा मोडला. "माझी बेथाया टेकडीवर झोपली आहे. दगड आहे तिचा. जाऊन वाच."

मी आकड्याला टांगलेली होते. त्या क्षणी कडी तुटून त्याच्या पायावर पडावंसं वाटलं. बाप हो बाप! मेलेल्या लेकराचा दगड उचलून त्याने जित्या लेकराचं दार बंद केलं. तोंडात देवाचं नाव, आणि देवाने दिलेल्या मुलीला तोंडाने मारून टाकलं.

त्यानंतर दर वर्षी लेक घर सोडून गेली त्या दिवशी डॉर्कस उपास धरू लागली. मला घासून पुसून रिकामी टांगायची आणि दिवस मावळेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायची.

"आज कसला उपास?" इझरा विचारी.

"ज्याच्यासाठी धरलाय त्याला ठाऊक आहे," ती म्हणे आणि पुन्हा कामाला लागे.

इझरा वारला. त्याचं मृत्युपत्र वाचलं ते माझ्यासमोरच. शेत, कुरण आणि घर जेबेझला. विधवेला पूर्वेकडची खोली, विहिरीपर्यंत जायची वाट, आणि भट्टी वापरायची मुभा. पुढे वाचणारा म्हणाला, "माझी प्रिय पत्नी डॉर्कस हिला मी पितळी कढई कायमची देतो."

देतो! तिच्या आईने तिला दिलेली मी, आणि हा मेल्यावर मला तिला देतो! डॉर्कसने मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय. मी तिच्या चेहऱ्याखालीच होते. ती रडत नव्हती.

कारण विधवेला एक गोष्ट मिळते, जी सवाष्ण बाईला त्या काळी मिळत नव्हती. तिला स्वतःचं मृत्युपत्र करता येतं. डॉर्कसला वाचता येई, पण लिहिता येत नव्हतं. मुलींना बायबल वाचण्यापुरतंच शिकवत. शेवटच्या आजारात तिने गावच्या शाळामास्तरांना बोलावून घेतलं.

"लिहा," ती म्हणाली. "माझी मुलगी बेथाया, ऱ्होड आयलंडच्या ओबेड स्टार्कीची बायको, हिला माझी पितळी कढई. कुशीत पोचा असलेली. तो तिनेच पाडलाय."

मास्तरांनी लेखणी थांबवली. "डॉर्कसकाकू, पोचा कशाला लिहायचा कायद्याच्या कागदात?"

"लिहा हो तुम्ही. मी रागावले नाही, हे तिला त्याने कळेल."

मास्तरांनी लिहिलं. तिने खाली फुली मारली. पुढे ती देवाघरी गेली, अगदी निवांतपणे. तिला वाटलं, काम झालं.

झालं कुठलं? मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करायची जबाबदारी जेबेझवर होती. त्याने बहिणीला निरोपही धाडला, की आई गेली, तुझ्यासाठी कढई ठेवली आहे, ती तुझ्याकडे येते आहे. आणि त्याची बायको प्रुडन्स माझ्यावर टिचक्या मारत म्हणाली, "अशी भक्कम कढई आता मिळते का? आणि त्या मुक्यांच्या घरी हिला जाऊन काय करायचंय? ते बसणार तोंड मिटून!"

"आत्ता रस्ता चिखलाचा आहे. वसंतात पाठवू," जेबेझ म्हणाला.

वसंत आला. मग पेरणी आली, मग कापणी आली, मग बर्फ आलं. दर रविवारी तो देवळात पुढच्या बाकावर बसला, बापाच्या जागी. 'आईबापाचा मान राख' हे त्याला तोंडपाठ होतं. मी वाट बघत राहिले, आणि वाट बघताना प्रुडन्सचा साबण उकळत राहिले. साबण! ज्या पोटात स्तोत्रं शिजली त्यात चरबी आणि राखेचं पाणी!

पुढच्यांनी मला आणखी खाली नेलं. डुकरांचं खाणं, मग कोपऱ्यात छत्र्या, मग चुलीजवळचा कोळसा. त्याचाही मला तितका राग नाही. भांड्याने कुठलंही काम करावं. राग आहे तो जेबेझच्या त्या पणतवाचा, ज्याने घराण्याचा इतिहास छापला. पाद्री होता, शिकलेला. देवळाच्या वहीत त्याला बेथायाचं नाव दोनदा दिसलं. त्या गावची रीत त्याला ठाऊक नव्हती, असं मी मानायला तयार नाही. पण त्याने छापलं, 'बेथाया, तिसऱ्या वर्षी वारली.' संपलं. त्याने इझराचं मृत्युपत्र उघडून पाहिलं होतं, कारण त्यात जमीन होती. डॉर्कसचं पाहिलं नाही. बाईच्या मृत्युपत्रात असून असून काय असणार? भांडी!

हो, भांडीच होती. आणि त्या भांड्यांच्या मागे लेकी उभ्या होत्या.

शेवटी मी लॉथ्रिज घराण्याच्या संस्थेकडे आले आणि देवळाच्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात बसले. खाली पाटी लावली, 'जेबेझ लॉथ्रिज यांची कढई'. जेबेझने माझ्यात कधी पळी तरी फिरवली होती का?

याच सभागृहात दर ऑगस्टमध्ये लॉथ्रिज घराण्याचं संमेलन भरतं. मक्याची कणसं, शिंपल्यांचं सूप, ब्लूबेरी भरलेली पेस्ट्री आणि भाषणं. गेल्या वर्षी टेकडीवर नवा दगड बसवायचा ठरला होता. इझरा आणि डॉर्कस, आणि त्यांच्या मुलांची नावं, त्यांच्यापुढे त्यांचे वंश. जेवणं आटोपल्यावर अध्यक्ष क्लिफर्ड लॉथ्रिज नावं वाचून दाखवत होता. तेवढ्यात एक बाई चाकाची खुर्ची ढकलत आत आली. खुर्चीत तिची म्हातारी आई.

"मी विल्मा फुर्टाडो," बाई म्हणाली. "आणि ही माझी आई, ओपल. आम्ही बेथायाच्या."

क्लिफर्ड हसला. तसा वाईट माणूस नाही तो, पण छापील पुस्तकावर त्याची बायबलइतकी श्रद्धा. "बाई, बेथाया तीन वर्षांची असताना वारली. तिसऱ्या वर्षी वारलेल्या मुलीला वंश कसा असेल?"

"मग डॉर्कसबाईंनी मेलेल्या मुलीला कढई कशाला ठेवली?" विल्माने पर्समधून मृत्युपत्राची नक्कल काढून टेबलावर ठेवली. "स्वर्गात सफरचंदं शिजवायला? आणि मेलेल्या मुलीला नवरा कुठून आला?"

कुणीतरी खुसकन हसलं. क्लिफर्डने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "हे कुठे मिळालं?"

"कोर्टात. तिच्याच नावाखाली. कुणी मागितलंच नव्हतं म्हणे."

मग ओपल म्हातारी बोलली. आवाज बारीक, पण धार होती. "आमच्या घरात एक म्हण आहे. कुणी काही कबूल केलं आणि दिलं नाही, की आम्ही म्हणतो, 'हो हो, कढईबरोबर येईल!' माझी आजी म्हणायची, तिची आजी म्हणायची. कुठली कढई, कुणाला ठाऊक नव्हतं. मला आपली ती एकदा बघायची आहे, बाबा. माझ्याकडे फार वेळ नाही."

मी कपाटात थरथरले. ऐकलंत? जेबेझचा तो निरोप पोचला होता. बेथाया वाट बघत राहिली, आणि वाट बघून बघून तिने त्याची थट्टा केली. पायरीवरच्या त्या पोरीने दुसरं काय केलं असतं? रडगाणं नाही, थट्टा. पण थट्टेच्या पोटात काय असतं, ते तुम्ही बायकांनी तरी ओळखा.

क्लिफर्डची थोरली बहीण मॅक्सीन उठली. दर शनिवारी माझी धूळ पुसते ती. तिने कपाट उघडलं आणि मला फिरवून धरलं. "क्लिफ, हा पोचा बघ. कागदात लिहिलाय तसाच."

"दिसतोय मला," क्लिफर्ड खाकरला. "दगडावर नाव घालू. दोन्ही बेथाया घालू. पण कढई संस्थेच्या मालकीची आहे, मॅक्सीन. असं कसं कुणालाही..."

"वाटणी करायचं काम जेबेझचं होतं ना?"

"होतं."

"आणि तू जेबेझचा वंशज म्हणून दर वर्षी पहिल्या खुर्चीत बसतोस ना?"

"त्याचा इथे काय..."

"मग त्याचं राहिलेलं कामही तुझ्याकडेच आलं, बाळा. खुर्ची तेवढी घ्यायची आणि काम नको, असं कसं चालेल?"

क्लिफर्डचे कान लाल झाले. आधी त्याने पाटीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या म्हातारीकडे. मग पुढे आला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि वाकून ओपलच्या मांडीवर ठेवलं. "उशीर झाला," एवढंच म्हणाला.

ओपलने मला कुरवाळलं. तिचं बोट फिरत फिरत बरोबर पोच्यात जाऊन बसलं. मग मान वर करून लेकीला म्हणाली, "विल्मा, कढई आली गं. आता बाकीचं सगळं कुठंय? तुझ्या बापाने मला समुद्राकाठी घर कबूल केलं होतं!"

सगळे हसले. मॅक्सीन हसता हसता डोळे पुसत होती.

आता मी ऱ्होड आयलंडला विल्माच्या स्वयंपाकघरात असते. आतून नवी कल्हई आहे. कापणीच्या दिवसांत माझ्यात सफरचंदं रटरटतात, आणि विल्मा ढवळत असते. ओपल या वर्षीची सफरचंदं चाखून देवाघरी गेली. टेकडीवरच्या दगडावर दोन बेथाया आहेत, एकीखाली एक. दुसरीपुढे वंश लिहायला जागा ठेवली होती, ती पुरली नाही.

राग गेला का, म्हणाल तर नाही गेला. बेथायाच्या ज्या हातांची मी होते, ते हात मला भेटले नाहीत. ते कुठला दगड भरून देणार? पण डॉर्कसने रिकाम्या पोटी जे मागितलं होतं ते देवाने ऐकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तुमच्यापाशी एक मागणं मागते. तुमच्या घरात कुणाच्या आईने कुणाला काही द्यायला सांगितलं असेल, तर ते आजच नेऊन द्या. रस्ता चिखलाचा असला तरी.