तिसरं कडवं

काका स्टुडिओत आले ते भांडायच्या तयारीनंच. पुतणी आता मोठी गायिका झाली होती. लग्नात, जिममध्ये, जिकडेतिकडे तिचीच गाणी. तिला काकांचं संपाच्या दिवसांतलं गाणं नव्यानं गायचं होतं, पण दोनच कडवी. तिसऱ्यात कारखान्यातला बॉयलर फुटून मेलेल्या सात कामगारांची नावं होती आणि मालकाचंही. ते म्हणे लांबतं, असा रेकॉर्ड कंपनीचा निरोप होता.

'लांबतं' हा शब्द काका घरापासून चघळत आले होते. गुडघे दुखत होते, जिने तीन होते आणि जन्मभर भांडून आता भांडणाचाही वीट आला होता. पण एवढं एक सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते सातही जण त्यांच्याच खात्यातले.

हे कडवं कधी कागदावर उतरलंच नव्हतं. कागद सापडला की माणूस आत, असा तो काळ. म्हणून दोन कडवी छापायची, तिसरं तोंडी द्यायचं, आणि टेप चालू असेल तर गायचंच नाही, अशी संपात गाणाऱ्या त्यांच्या मंडळींची रीत. त्या मंडळींपैकी आता एकटे काकाच उरले होते.

बसल्या बसल्या त्यांनी तोफ डागली. "तिसरं नसेल तर गाणं मिळणार नाही. तुम्हाला नुसता ठेका हवा. गाणं कशाबद्दल आहे ते नको."

पुतणी भांडलीच नाही. "घेते की, काका. कंपनीचं मी बघते. पण मला ते येतच नाही, बाबांनाही येत नाही. तुम्ही म्हणा, मी लिहून घेते."

काका सावरून बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचा पाय हलायला लागला. तिसऱ्यासाठी त्यांनी श्वास घेतला आणि आवाज सरळ धृपदावर गेला.

"पुन्हा घेऊ," ते म्हणाले. पुन्हा तेच झालं.

वीस वर्षं सत्काराला, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या साठीला ते हे गाणं गात आले होते. दर वेळी कुणीतरी कानाशी येऊन म्हणायचं, तेवढं तिसरं नको, पाहुणे आहेत. काकाही म्हणायचे, जाऊ द्या, उगाच कशाला. कुणी बंदी घातली नव्हती. गळ्यालाच तसं वळण लागलं होतं, आणि ते लावणारे काकाच होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नुसती नावं सांगा काका, ओळी मी बसवते," पुतणी हळूच म्हणाली.

त्यांनी डोळे मिटून एकेक नाव सांगितलं. पाच झाली. मग बराच वेळ ते नुसते ओठ हलवत राहिले.

"आणखी दोन ना?" तिनं विचारलं. "बरं, मालकाचं काय होतं?"

ते त्यांनी लगेच सांगितलं, आडनावासकट.